विशेषज्ञ वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांमधील सहकार्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरजेत १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभे राहिले आणि १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज मिरज, सांगली आणि कराड या पट्ट्यातील महाविद्यालयांतून आणि मोठ्या रुग्णालयांतून दर वर्षी अनेक पदव्युत्तर प्रबंध तयार होतात, आणि त्यांतले बरेच पुढे शोधनिबंध म्हणून भूलशास्त्र, अस्थिरोग, स्त्रीरोग, बालरोग अशा निरनिराळ्या शाखांच्या जर्नलांकडे जातात. आम्ही या भागात राहून अशा जर्नलांचे संपादन किंवा त्यांच्याकडे आलेल्या लेखांचे परीक्षण, म्हणजे छापण्यापूर्वीची तज्ज्ञ तपासणी, करतो. लेखक, गाईड आणि नव्याने संपादकपद स्वीकारलेले सहकारी आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

संपादकांचे सहकार्य म्हणजे नेमके काय?

याचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार नियमांचा: लेखक कोणाला म्हणावे, रुग्णांवर औषध किंवा उपचार तपासणाऱ्या चाचणीची नोंदणी कधी व्हावी, हितसंबंध कसे जाहीर करावेत, याविषयी अनेक जर्नलांनी एकच नियम मान्य करणे. दुसरा प्रकार माहितीचा: एखाद्या लेखाविषयी गंभीर शंका आल्यास संबंधित संपादकांनी ती एकमेकांना कळवणे. तिसरा प्रकार कामाचा: परीक्षणे एकमेकांकडे पाठवणे, नव्या परीक्षकांना एकत्र शिकवणे, एखादे मार्गदर्शक तत्त्व एकाच वेळी प्रसिद्ध करणे.

लेख स्वीकारायचा की नाकारायचा हा निर्णय मात्र सहकार्याच्या कक्षेत येत नाही. तो ज्या त्या संपादकाचा असतो आणि तसाच राहिला पाहिजे. चार संपादकांनी मिळून एखाद्या लेखकाचे लेख घ्यायचे नाहीत असे ठरवले, तर त्याला संगनमत म्हणावे लागेल.

जर्नले एकमेकांची स्पर्धक असतात. मग संपादकांनी एकत्र का यावे?

कारण रुग्ण एकच असतो. शिराळा-वाळवा पट्ट्यात उसाच्या फडात काम करणाऱ्या एखाद्या बाईला घोणस चावते असे समजू या. ग्रामीण रुग्णालयात तिला प्रतिविष दिले जाते, लघवी कमी झाल्यामुळे मिरजेला हलवले जाते, तेथे डायलिसिस होते आणि काही दिवस ती अतिदक्षता विभागात श्वसनयंत्रावर राहून बरी होते. फिजिशियन तिची केस मेडिसिनच्या जर्नलला पाठवतात, मूत्रपिंडविकारतज्ज्ञ आपल्या शाखेच्या जर्नलला आणि अतिदक्षता विभाग पाहणारे भूलतज्ज्ञ तिसऱ्या जर्नलला. तिघांपैकी कोणाच्याही मनात लबाडी नसते. पण एका लेखात तिचे वय ४२, दुसऱ्यात ४३, एकात प्रतिविषाच्या कुप्या वीस आणि दुसऱ्यात अठरा असे छापून येते, आणि पुढे सर्पदंशावरील सगळ्या केसेस गोळा करणारा अभ्यासक तिला तीन वेगळ्या बायका म्हणून मोजतो. तिन्ही संपादकांनी आपापले काम नीट केले, तरी हा दोष त्यांच्या नजरेस पडत नाही, कारण प्रत्येकाच्या टेबलावर एकच लेख होता.

हे केवळ काल्पनिक नाही. मार्टिन ट्रामेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ऑन्डॅन्सेट्रॉनविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेनंतरची उलटी थांबवण्यासाठी हे औषध सांगली-मिरजेतल्या प्रत्येक ऑपरेशन थिएटरच्या ट्रॉलीवर आज असते. त्या औषधाच्या प्रसिद्ध चाचण्यांपैकी १७ टक्के चाचण्या, आणि रुग्णांच्या माहितीपैकी २८ टक्के माहिती, दुबार छापली गेली होती. तीही पहिल्या प्रसिद्धीचा उल्लेख न करता. ही दुबार माहिती हिशेबात धरल्यामुळे औषधाचा गुण २३ टक्क्यांनी फुगलेला दिसत होता. हे लेख वेगवेगळ्या जर्नलांत विखुरलेले होते, त्यामुळे कोणत्याही एका संपादकाला हा फुगवटा दिसणे शक्य नव्हते.

ही पद्धत कधीपासूनची आहे?

सर्वसाधारण वैद्यकीय जर्नलांच्या काही संपादकांची बैठक १९७८ च्या जानेवारीत कॅनडातील व्हँकूव्हर येथे झाली आणि हस्तलिखिते व संदर्भ एकसारख्या पद्धतीने मागवायचे ठरले. संदर्भांची ‘व्हँकूव्हर पद्धत’ हे नाव तेथूनच आले. याच गटाची पुढे वैद्यकीय जर्नल संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती झाली, जी आयसीएमजेई या नावाने ओळखली जाते. १९९५ मध्ये वेम ही संपादकांची जागतिक संघटना आणि १९९७ मध्ये ब्रिटनमधील काही वैद्यकीय संपादकांच्या पुढाकाराने कोप ही प्रकाशन-नीतीची समिती स्थापन झाली. शुश्रूषाशास्त्राच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय संघटना तर १९८२ पासून आहे, म्हणजे या बाबतीत परिचारिका अनेक डॉक्टरी शाखांच्या पुढे होत्या.

अशा सहकार्याने प्रत्यक्षात काही बदलले आहे का, की नुसती निवेदने निघतात?

सर्वांत ठळक बदल चाचण्यांच्या नोंदणीत झाला. चाचणीचा निकाल औषधाच्या बाजूने लागला तर लेख छापायचा आणि विरुद्ध लागला तर फाईल कपाटात ठेवायची, ही सवय मोडणे एकट्या जर्नलच्या आवाक्यातले नव्हते, कारण एकाने अट घातली तर लेखक दुसऱ्याकडे जात. सप्टेंबर २००४ मध्ये आयसीएमजेईच्या सदस्य जर्नलांनी एकत्र जाहीर केले की १ जुलै २००५ पासून सुरू होणारी चाचणी पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वी सार्वजनिक नोंदवहीत नोंदवलेली नसेल, तर तिचा लेख विचारात घेतला जाणार नाही. दुसरा दरवाजाही बंद असल्यामुळे ही अट टिकली.

भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पुढाकाराने चाचण्यांची अशी नोंदवही, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री म्हणजे सीटीआरआय, २० जुलै २००७ रोजी सुरू झाली. २००८ मध्ये भारतातील अनेक जैववैद्यकीय जर्नलांच्या संपादकांनी संयुक्त निवेदन काढून नोंदणीचा आग्रह धरला, आणि १५ जून २००९ पासून औषध महानियंत्रकांनी आपल्या परवानगीने होणाऱ्या चाचण्यांसाठी नोंदणी सक्तीची केली. संपादकांनी आधी पाऊल टाकले आणि सरकारी सक्ती नंतर आली, हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

येथील पदव्युत्तर (पीजी) विद्यार्थ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय फक्त आगाऊ नोंदणी स्वीकारते. प्रबंधासाठी दोन औषधांची तुलना करायची असेल, तर रुग्णांवरील संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीची मान्यता मिळाल्यानंतर आणि पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणी झाली पाहिजे. प्रबंध सादर झाल्यावर, लेख लिहायला बसल्यावर नोंदणीची आठवण येणाऱ्या विद्यार्थ्यांची पत्रे आमच्याकडे दर वर्षी येतात. त्यांच्या दोन-अडीच वर्षांच्या मेहनतीविषयी आम्हाला आदर आहे. तरीही त्या टप्प्यावर संपादकाच्या हाती काही उरत नाही. ही जबाबदारी विद्यार्थ्याइतकीच, किंबहुना अधिक, गाईडची आहे.

एका शाखेचे संपादक एकत्र आल्याचे ठोस उदाहरण आहे का?

भूलशास्त्रातील दोन उदाहरणे प्रत्येक नव्या संपादकाने वाचली पाहिजेत, कारण एकटा संपादक किती अपुरा पडतो आणि एकत्र आल्यावर काय घडू शकते, हे दोन्ही त्यांत दिसते.

जपानमधील भूलतज्ज्ञ योशिताका फुजी हे शस्त्रक्रियेनंतरच्या उलटीवरील औषधांच्या चाचण्या एकामागून एक प्रसिद्ध करत होते. २००० साली क्रांके, आपफेल आणि रोवर या जर्मनीतील तिघांनी अ‍ॅनेस्थेशिया अँड अ‍ॅनाल्जेसिया या जर्नलला पत्र लिहून दाखवले की फुजी यांचे आकडे विश्वास बसणार नाही इतके नीटनेटके आहेत. एका तपशिलाकडे त्यांनी बोट ठेवले होते. वेगवेगळी औषधे मिळालेल्या गटांत डोकेदुखी झालेल्या रुग्णांची संख्या लेखामागून लेखांत अगदी सारखी होती. प्रत्यक्ष वॉर्डात काम केलेल्या माणसाला ठाऊक असते की एका गटात दोघांचे डोके दुखते, दुसऱ्यात चौघांचे, तिसऱ्यात कोणाचेच नाही. प्रत्येक वेळी तंतोतंत बरोबरी होत नाही.

पत्र छापले गेले, फुजी यांचे उत्तरही छापले गेले आणि विषय तेथेच थांबला. पुढची दहा-बारा वर्षे त्यांचे लेख येत राहिले, भूलशास्त्राबरोबर इतर शाखांच्या जर्नलांतही. मार्च २०१२ मध्ये ब्रिटिश भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी फुजी यांच्या १६८ चाचण्यांतील आकड्यांचे एकत्रित सांख्यिकी विश्लेषण प्रसिद्ध केले आणि असे आकडे योगायोगाने येण्याची शक्यता नगण्य असल्याचे दाखवून दिले. त्यानंतर एप्रिल २०१२ मध्ये २३ जर्नलांच्या मुख्य संपादकांनी एकत्रित पत्र काढून संबंधित संस्थांना या संशोधनाची सत्यता तपासण्यास सांगितले. त्याच वर्षी जून महिन्यात जपानच्या भूलतज्ज्ञ संघटनेच्या चौकशीचा निष्कर्ष आला: तपासलेल्या २१२ लेखांपैकी १७२ लेखांतील माहिती बनावट होती. अखेरीस त्यांचे १८० हून अधिक लेख मागे घेतले गेले.

जर्मनीतील योआखिम बोल्ट यांचे प्रकरण याच्या थोडे आधीचे. २०११ मध्ये नैतिकता समितीच्या मान्यतेचा पुरावा नसलेले त्यांचे ऐंशीहून अधिक लेख मागे घेण्याचा निर्णय अनेक जर्नलांच्या मुख्य संपादकांनी संयुक्त निवेदनाद्वारे जाहीर केला. या लेखांचा संबंध हायड्रॉक्सीइथाइल स्टार्च या शिरेतून देण्याच्या द्रवाशी होता. २०१३ मध्ये जामा या अमेरिकन वैद्यकीय जर्नलात आलेल्या एका विश्लेषणात बोल्ट यांच्या चाचण्या वगळून हिशेब केला, तेव्हा या द्रवामुळे अत्यवस्थ रुग्णांत मृत्यूचे आणि मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण वाढते असे दिसून आले. त्या चाचण्या धरल्या की हा धोका झाकला जात होता. खोटे आकडे जर्नलातून पाठ्यपुस्तकात, तेथून राऊंडवर आणि राऊंडवरून सलाईनच्या स्टँडवर पोहोचतात, म्हणून आम्ही या विषयाबद्दल आग्रही आहोत.

माझा लेख मी विश्वासाने एका संपादकाकडे पाठवला आहे. तो दुसऱ्याशी त्याबद्दल कसा बोलू शकतो?

ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आम्ही सावधपणे देतो. अप्रकाशित लेख ही लेखकाची ठेव असते, आणि परीक्षणासाठी आलेला मजकूर संपादकाने कोणालाही सहज दाखवू नये, हा मूळ नियम आहे. गंभीर गैरप्रकाराची शंका असेल तेवढ्यापुरताच त्याला अपवाद आहे. मुख्य संपादकांनी अशा वेळी एकमेकांना माहिती कशी द्यावी, याविषयी कोपने २०१५ मध्ये मार्गदर्शन प्रसिद्ध केले, आणि बहुतेक जबाबदार जर्नले आज त्याच धर्तीवर चालतात.

व्यवहारात आम्ही पुढील मर्यादा पाळतो. ज्या जर्नलाचा प्रत्यक्ष संबंध आहे त्याच्याच मुख्य संपादकाला लिहायचे. वस्तुस्थिती लिहायची, मत लिहायचे नाही; ‘हा लेखक चोर आहे’ असे वाक्य संपादकाच्या पत्रात कधीही येता कामा नये. साधारण पत्र असे असते: ‘आमच्याकडे अमुक शीर्षकाचा लेख अमुक तारखेला आला. तुमच्या अंकातील अमुक लेखाच्या तक्ता क्रमांक दोनशी त्याचा पहिला तक्ता जुळतो. दोन्हींत रुग्ण ६०, कालावधी तोच, पण नैतिकता समितीचे मान्यता क्रमांक वेगळे आहेत. मूळ लेखासोबत आलेले मान्यतापत्र आपण पडताळून पाहाल का?’ यापलीकडे काही लिहायची गरज नसते.

लेखकाला आपली बाजू मांडण्याची संधी शक्यतो आधीच दिली जाते. पुष्कळदा साधे स्पष्टीकरण मिळते: संगणकावर चुकीची फाईल जोडली गेली, किंवा दोन निवासी डॉक्टरांनी एकाच विभागातील नोंदी वापरल्या आणि एकमेकांना सांगितले नाही. स्पष्टीकरण पटले नाही, तर चौकशी लेखकाच्या संस्थेने करायची असते. संपादकाकडे केसपेपर मागवण्याचा किंवा साक्षी घेण्याचा अधिकार नाही, आणि तो असल्यासारखे वागूही नये. संशयित लेखकांची यादी करून ती संपादकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरवणे तर पूर्णपणे गैर आहे. एकाच शहरात प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांच्या बाबतीत अशी कुजबुज आयुष्यभर पाठ सोडत नाही, आणि ती खोटी ठरली तरी कोणी दुरुस्ती छापत नाही.

गाईड सर म्हणतात, वेळ वाचवण्यासाठी एकाच वेळी दोन जर्नलांना लेख पाठवा. चालेल का?

चालत नाही. एका जर्नलचा निर्णय येईपर्यंत, किंवा लेख लेखी कळवून मागे घेईपर्यंत, तो दुसरीकडे पाठवू नये. घाई असेल तर पहिल्या संपादकाला पत्र लिहून परीक्षण कोठवर आले आहे ते विचारावे. असे पत्र उद्धट मानले जात नाही.

एका जर्नलने लेख नाकारला, तर तेथील परीक्षणे दुसऱ्या जर्नलला उपयोगी पडू शकतात का?

पडू शकतात, आणि आमच्या मते याचा वापर आजच्यापेक्षा कितीतरी अधिक व्हायला हवा. चेताविज्ञानाच्या जर्नलांनी जानेवारी २००८ मध्ये यासाठी एक संघ सुरू केला: एका सदस्य जर्नलने लेख नाकारल्यावर लेखकाची इच्छा असेल, तर तेथील परीक्षणे दुसऱ्या सदस्य जर्नलकडे पाठवली जात. आज एकाच प्रकाशकाच्या जर्नलांमध्ये लेख आणि परीक्षणे पुढे पाठवण्याची सोय बरीच रूढ आहे. वेगवेगळ्या प्रकाशकांमध्ये ती अजून कमी आढळते.

यात लेखकाची संमती हवी, परीक्षकाचीही हवी, आणि परीक्षकाचे नाव गुप्त ठेवण्याचा शब्द पाळला गेला पाहिजे. ‘लेख चांगला आहे, पण आमच्या वाचकांचा नाही’ या कारणाने नाकारलेल्या लेखाला याचा सर्वाधिक फायदा होतो. मधुमेही पायाच्या जखमेवरचा लेख शल्यचिकित्सेच्या जर्नलला बसत नसेल, तरी दोन अनुभवी सर्जननी त्यावर रविवारची दुपार खर्च केलेली असते, आणि ती मेहनत वाया जाऊ देणे बरोबर नाही.

परीक्षकांच्या बाबतीत संपादक एकमेकांना कशी मदत करतात?

छोट्या उपशाखांत हा प्रश्न फार अडचणीचा होतो. बालशल्यचिकित्सेसारख्या शाखेत सांगली, सातारा आणि कोल्हापूर मिळून मोजकेच तज्ज्ञ असतात. ते एकमेकांचे रुग्ण पाहतात, एकमेकांच्या मुलांच्या लग्नांना जातात आणि परिषदांत एकाच व्यासपीठावर बसतात. अशा वेळी निःपक्ष परीक्षक मिळवण्यासाठी दुसऱ्या राज्यातील किंवा जवळच्या शाखेतील संपादकाकडे नावे मागणे हाच मार्ग उरतो. नावे देताना संपादकाने त्या परीक्षकाला आधी विचारावे.

बनावट परीक्षक ओळखण्यासाठीही ही देवाणघेवाण उपयोगी पडते. मार्च २०१५ मध्ये बायोमेड सेंट्रल या प्रकाशकाने ४३ लेख मागे घेतले, कारण परीक्षकांची नावे सुचवताना बनावट ईमेल पत्ते दिले गेले होते आणि परीक्षणे खऱ्या तज्ज्ञांनी लिहिलेलीच नव्हती. तेव्हापासून आमचा सल्ला असा की लेखकाने सुचवलेल्या परीक्षकाचा पत्ता त्याच्या संस्थेच्या संकेतस्थळावरून किंवा जुन्या प्रसिद्ध लेखांवरून पडताळल्याशिवाय वापरू नये.

वेगवेगळ्या जर्नलांनी लेखनाचे आणि मोजमापाचे नियम एक केल्याने संशोधकाचे स्वातंत्र्य कमी होत नाही का?

आम्हाला तसे वाटत नाही. अकाली प्रसूती टाळण्याच्या उपायांचा विचार करा. एक अभ्यास गरोदरपणाचे आठवडे मोजतो, दुसरा बाळाचे वजन, तिसरा नवजात अतिदक्षता विभागातील दिवस; तिन्ही चांगले असले तरी त्यांची बेरीज होत नाही, आणि गावातून रेफर होऊन आलेल्या बाईला नेमके कोणते उत्तर द्यावे हे तिच्या डॉक्टरला समजत नाही. हे लक्षात घेऊन स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या जर्नलांच्या संपादकांनी २०१४ मध्ये क्राउन नावाचा उपक्रम सुरू केला. प्रत्येक विषयात किमान ठरावीक परिणाम सर्वांनी मोजावेत आणि नोंदवावेत, एवढीच त्याची अपेक्षा आहे. त्याहून अधिक मोजायला संशोधक मोकळा असतो. त्याच वर्षी, म्हणजे २०१४ मध्ये, पुनर्वसन आणि अपंगत्व या विषयांच्या २८ जर्नलांनीही संशोधन-वृत्तांताच्या तपासणी-याद्या सक्तीच्या करण्याचे एकत्रितपणे ठरवले.

यादृच्छिक चाचणीसाठी (जिच्यात कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते) कन्सॉर्ट, निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोब, केस रिपोर्टसाठी केअर आणि पद्धतशीर आढाव्यासाठी प्रिझ्मा या याद्या संशोधन-वृत्तांत सुधारण्यासाठी काम करणाऱ्या इक्वेटर या गटाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. विद्यार्थ्यांनी त्या लेख पाठवताना भरण्याऐवजी प्रबंधाचा आराखडा करतानाच समोर ठेवाव्यात.

एकच संपादकीय अनेक जर्नलांत छापून येते. ते दुबार प्रकाशन नाही का?

नाही. ते उघडपणे, सर्व संपादकांच्या संमतीने आणि तसे स्पष्ट नमूद करून छापलेले असते. सप्टेंबर २०२१ मध्ये हवामानबदल रोखण्यासाठी तातडीने पावले उचलण्याचे आवाहन करणारे एकच संपादकीय जगभरातील २०० हून अधिक आरोग्यविषयक जर्नलांनी प्रसिद्ध केले. नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया हे त्यांपैकी एक होते.

सांगलीकरांना हा विषय दूरचा वाटू नये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेवरील आयर्विन पुलाची पाणीपातळी हाच घराघरातला विषय झाला होता. अशा पुरात डायलिसिसचे वेळापत्रक कोलमडते, बाळंतिणींना बोटीतून हलवावे लागते, इन्सुलिन थंड ठेवायला वीज नसते आणि पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसची धास्ती असते. यांतला प्रत्येक प्रश्न वेगळ्या शाखेच्या जर्नलात गेला, तर पूरकाळातील आरोग्यसेवेचे पूर्ण चित्र कोणत्याच अंकात उमटत नाही. पूरग्रस्त भागातील अनुभवांसाठी दोन-तीन शाखांच्या संपादकांनी संयुक्त विशेषांक काढावा, असे आमचे आग्रहाचे मत आहे.

इंग्रजी जर्नलात आलेला माझा अभ्यास मराठीतही प्रसिद्ध करता येईल का?

येईल, आणि जरूर करावा. आयसीएमजेईच्या शिफारशींत यासाठी दुय्यम प्रकाशनाची तरतूद आहे. दोन्ही संपादकांची संमती हवी. मराठी आवृत्तीचा वाचकवर्ग वेगळा असावा. माहिती आणि निष्कर्ष मूळ लेखाशी प्रामाणिक असावेत. पहिल्या प्रकाशनानंतर किती अंतर ठेवायचे ते दोन्ही संपादकांनी ठरवावे. आणि लेख पूर्वी कोठे प्रसिद्ध झाला हे ठळकपणे नोंदवावे. प्रकाशनाचे हक्क प्रकाशकाकडे असतील तर त्याची लेखी परवानगीही घ्यावी लागते.

आशा सेविका, परिचारिका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचारी हेच अनेक अभ्यासांचे खरे वापरकर्ते असतात. सर्पदंशाच्या रुग्णाला पहिल्या तासात काय द्यावे आणि काय करू नये, हे फक्त इंग्रजी जर्नलात राहिले तर ते संशोधन अर्धेच पोहोचले.

आमच्या संघटनेच्या शाखेचे छोटे जर्नल आहे. आम्ही कोठून सुरुवात करावी?

आयसीएमजेईच्या शिफारशी आपण पाळतो असे जाहीर करून, आणि त्या खरोखर पाळून. संपादक मंडळातील प्रत्येकाची संमती घ्यावी, परीक्षणाची पद्धत आणि शुल्क असल्यास ते उघड लिहावे, आणि लेख मागे घेण्याचे धोरण पहिला वादग्रस्त लेख येण्याआधीच तयार ठेवावे. त्यानंतर आपल्या शाखेच्या दोन-तीन संपादकांशी ओळख करून घ्यावी. परिषदेच्या वेळी चहाच्या सुट्टीत झालेली ओळख पुढे अडचणीत फार कामी येते.

आयएसएसएन क्रमांक मिळाला म्हणजे जर्नल दर्जेदार ठरले असे नाही. तो फक्त नियतकालिकाची ओळख पटवणारा क्रमांक आहे. पुण्यातील अभ्यासकांनी २०१८ मध्ये करंट सायन्समध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तत्कालीन यादीतील विद्यापीठांनी शिफारस केलेल्या १,००९ जर्नलांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक जर्नले दर्जाच्या कसोटीवर उतरली नाहीत. बढतीसाठी लेखांची संख्या मोजली जाते तोवर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळत राहील. प्रामाणिक छोट्या जर्नलांनी एकमेकांना धरून राहण्याचे हेही एक मोठे कारण आहे.

संघटनेचे पदाधिकारी एखादा लेख छापण्यासाठी दबाव आणत असतील, तर इतर संपादक काय करू शकतात?

बहुतेक विशेषज्ञ जर्नले संघटनांच्या मालकीची असतात, त्यामुळे हा प्रसंग मोठ्या जर्नलांनाही चुकलेला नाही. १९९९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने जामाचे संपादक जॉर्ज लुंडबर्ग यांना पदावरून दूर केले. २००६ मध्ये कॅनेडियन मेडिकल असोसिएशन जर्नलचे संपादक जॉन होई आणि त्यांच्या सहकारी अ‍ॅन मरी टॉडकिल यांनाही असेच जावे लागले. दोन्ही वेळी जगभरातील संपादकांनी जाहीरपणे चिंता व्यक्त केली. त्या निषेधाने संपादक परत आले नाहीत. पण मालक आणि संपादक यांच्या अधिकारांची हद्द लेखी करारात असावी, ही अपेक्षा त्यातून बळकट झाली.

आमचा सल्ला असा की पद स्वीकारतानाच नेमणुकीची मुदत, पदावरून दूर करण्याची कारणे आणि लेखनिवडीचे पूर्ण स्वातंत्र्य कागदावर घ्यावे. अध्यक्ष दर वर्षी बदलतात, कागद राहतो. दबाव आलाच, तर वेमच्या स्वातंत्र्यविषयक धोरणाचा आधार घेऊन लेखी उत्तर द्यावे आणि शाखेतील ज्येष्ठ संपादकांना विश्वासात घ्यावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराबाबत जर्नलांचे नियम एकच आहेत का?

मुख्य मुद्द्यावर एकमत आहे. वेम आणि आयसीएमजेई या दोघांनीही २०२३ मध्ये स्पष्ट केले की अशा साधनाला लेखक म्हणता येत नाही, कारण ते मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही. वापर केला असल्यास तो जाहीर करावा. परीक्षकांनी दुसऱ्याचा अप्रकाशित लेख अशा साधनात टाकू नये, कारण त्यामुळे गोपनीयता मोडते.

तक्रार कोणाकडे करावी?

आधी त्या जर्नलच्या मुख्य संपादकाकडे, लेखी आणि पुराव्यासह; तक्त्याचा क्रमांक, पान आणि नेमकी विसंगती लिहावी. समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर प्रकाशकाकडे किंवा मालक संघटनेकडे जावे. जर्नल कोपचे सदस्य असेल आणि त्याची अंतर्गत प्रक्रिया पूर्ण झाली असेल, तर कोपकडेही दाद मागता येते. मात्र कोप फक्त प्रक्रिया योग्य झाली की नाही हे पाहते, संशोधन खरे की खोटे याचा निवाडा करत नाही. निनावी तक्रारही पुराव्यानिशी आली असेल, तर संपादकाने ती तपासली पाहिजे.